रघ्याच्या मापाचा कोट

सुकरी निघून गेल्यावर शिंप्याच्या त्या दुकानातले सगळे कोपऱ्यातल्या डबल बेसकडे, त्या माणसाएवढ्या तंतुवाद्याकडे, बघत राहिले. त्याच्या मानेवर गिऱ्हाइकांच्या तीन पँटी लटकत होत्या आणि एकीची चेन बसवायची राहिली होती. त्याहून जास्त बघण्यासारखं तिथं काही नव्हतं.

"बसायचं म्हणजे नक्की काय करायचं?" शेवटी नेत्रानं विचारलं. ती थोरल्या मुलाची, ऋषिकेशची बायको आणि बँडची मॅनेजर. कुठल्याही आमंत्रणावर तिचा पहिला प्रश्न हाच असायचा. त्याच्यामागून 'किती वेळ' आणि 'जेवण त्यांचं की आपलं' हे यायचे. आज जेवण त्यांचं होतं.

"ऐकलंस ना," तिचे सासरे, लक्ष्मण मास्तर म्हणाले. "रघ्याच्या जागी बसायचं."

सुकरीनं सांगितलं होतं ते सरळ होतं. तिच्या पाड्यावर माणूस गेला की दहाव्या दिवशी त्याच्या जागी त्याच्याच वयाचा एक जण बसवतात. गेलेल्याच्या मापाचे नवे कपडे त्याला घालतात. आई नाहीतर बायको घास भरवते आणि तीन गोष्टी विचारते: कसा गेलास, कुणावर राग आहे का, काय राहिलं. बसलेल्यानं गेलेल्याच्या तोंडानं उत्तरं द्यायची. जेवण झालं की उठून पाड्याबाहेर चालू लागायचं आणि मागं वळून बघायचं नाही. परवा गुरुवारी तिच्या मुलाचा, रघ्याचा दहावा होता. "रघ्याचं माप तुमचेकडं आहे मास्तर," ती उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली होती, "आणि पोऱ्या पण तुमचेकडंच आहे. चैतन्य बसंल." विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

"नाही म्हणून कळवा," मास्तरांची बायको, वनमालाबाई म्हणाल्या. "त्याचा हात गळ्यात आहे म्हणावं."

"जेवायला उजवा लागतो, आई," नेत्रा म्हणाली आणि चपापली. आपण कुणाच्या बाजूनं बोललो ते तिलाच कळलं नाही.

अडचण हाताची नव्हतीच. आठ दिवसांपूर्वी पहाटे तोरंगण घाटात बँडचा टेम्पो उलटला आणि रघ्या जागच्या जागी गेला. गाडी रघ्या चालवत होता, असा जबाब चैतन्यनं पोलिसांना दिला होता. चालवत होता चैतन्य. रघ्या शेजारी झोपला होता. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त बहिणीला, रुचिराला सांगायची वेळ आली नव्हती, कारण दवाखान्यात धाकट्या भावाच्या तोंडाकडे एकदा बघून तिनं ते ओळखलं होतं आणि त्यानंतर त्याच्या तोंडाकडे बघणं सोडलं होतं.

आता चैतन्य आत, पडद्यामागच्या खाटेवर पडला होता. पडदा अस्तराच्या कापडाचा होता. त्यातून सगळं ऐकू यायचं.

ज्या बँडपायी हे झालं त्याचं नाव 'लक्ष्मण अँड सन्स'. ते दुकानाचंही नाव होतं. नवा बोर्ड रंगवायचा कंटाळा आला म्हणून दुकानाचाच जुना बोर्ड काढून ड्रमपुढं उभा केला होता. ते वाजवायचे ती रॉकाबिली, म्हणजे अमेरिकेत सत्तर वर्षांपूर्वी जन्मून लगेच निवर्तलेलं एक नाचरं संगीत. दर दहा-पंधरा वर्षांनी जगात कुठंतरी काही माणसं ते उकरून पुन्हा उभं करतात. या खेपेला ती जबाबदारी जव्हारवर येऊन पडली. लॉकडाऊनमध्ये चैतन्यला मोबाइलवर दिसलं की डोक्यावर केसांचा कोंबडा काढलेला एक माणूस भल्यामोठ्या व्हायोलिनला थपडा मारतोय. तो ओरडला, "दादा, हे तर आपलं पँटी लटकवायचं!" आणि ते खरंच तेच होतं. मास्तर तरुणपणी मुंबईत हॉटेलांतल्या वादकांचे कोट शिवायचे. त्यातला एक कायमचा गोव्याला परतताना डबल बेस त्यांच्याकडे ठेवून गेला. चाळीस वर्षं त्या वाद्यानं या घरात फक्त इस्त्री सांभाळली होती.

मग ऋषिकेश बेसला थपडा मारू लागला, चैतन्य गाऊ लागला आणि मधली रुचिरा ड्रमवर बसली. मास्तरांनी गुडघ्यापर्यंत येणारे, मखमली कॉलरचे कोट शिवले आणि अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक कॉलरच्या आत धाग्यानं नाव भरलं. पहिलं वर्ष हळदी-साखरपुड्यांत गेलं. दुसऱ्या वर्षी गावाबाहेरच्या शिरपामाळावर काढलेला व्हिडिओ नऊ लाख लोकांनी पाहिला. फिनलंडच्या एका निवृत्त पोस्टमननं त्याखाली लिहिलं की आता आपण मरायला मोकळे झालो. जव्हारात त्याला कुणी अडवून ठेवलं नव्हतं, पण घरात दोन दिवस आनंद झाला.

बँड एकंदर पाच वेळा फुटला. पहिल्यांदा बोर्डावरून. "सन्स तुम्ही, मग मी कोण?" रुचिरानं विचारलं. ऋषिकेश म्हणाला, "तो दुकानाचा बोर्ड आहे." ती म्हणाली, "मग दुकानात मी कोण?" याचं उत्तर अजून यायचंय. ती आरोग्यसेविका होऊन खोडाळ्याला गेली आणि जाताना आपल्या जागी तिकडच्या लग्नांत ढोल वाजवणाऱ्या रघ्याला धाडून दिलं. पुढं ऋषिकेशचे केस गेले. चैतन्यनं भर सरावात विगचा विषय काढला आणि बँड सात महिने बंद पडला. एकदा रघ्याच्या गाण्यावरून फुटला: नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, लावणीला त्याची आजी म्हणायची ते गाणं बँडनं उचललं, लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि पोस्टरवर छापून आलं 'गीत-संगीत: चैतन्य'. रघ्या काहीच बोलला नाही. त्याच्या वतीनं ऋषिकेश भांडला, कारण त्याला भांडायला विषय हवाच होता. शेवटचा फुटला तो नाशिकला, स्टेजवर, माइक चालू असताना. ऋषिकेश आणि नेत्रा तिथूनच एसटीनं निघाले. टेम्पोत चैतन्य, रघ्या आणि डबल बेस असे तिघं होते. पैकी डबल बेसला ओरखडाही आला नाही.

"हे बघा, सोपं आहे," ऋषिकेश आता म्हणाला. संकटात त्याला सगळं सोपं वाटायचं. जबाबाची कल्पनाही त्याचीच होती, दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये सुचलेली. "गेलो नाही तर संशय येईल. गेलो की काय? 'कसा गेलास?' 'गाडी चालवताना डोळा लागला, आये.' 'राग आहे?' 'नाही.' 'काय राहिलं?' 'काही नाही.' दहा मिनिटांचा कार्यक्रम आहे."

"आणि चैतन्य म्हणेल तसं?" मास्तरांनी विचारलं.

"पाच वर्षं मी लिहिलेलंच गातोय तो."

"गाणी भाऊजी लिहितात," नेत्रा म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"पोस्टर."

रुचिरा दुपारच्या गाडीनं आली होती आणि अजून चपलाही न काढता शिवणयंत्राशेजारच्या स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "रघ्याला गाडी येत नव्हती."

"लायसन्स नव्हतं त्याचं, माहितीय," ऋषिकेश म्हणाला. "ते पोलिसांनीही लिहून घेतलंय."

"लायसन्स नाही, दादा. गाडी येत नव्हती. सायकलसुद्धा नाही. चार वर्षं तुमच्या शेजारी बसून फिरला. एकदा तरी स्टिअरिंगला हात लावलेला बघितलास?"

ऋषिकेशनं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "मला वाटायचं त्याला झोप आवडते."

"पाड्यावर पोरासोरांना माहीत आहे. लहानपणी बैलगाडी ओहोळात घातली होती त्यानं, तेव्हापासून कुणी त्याच्या हातात कासरासुद्धा दिला नाही. आणि तुम्ही पोलिसांना काय सांगितलंत, तर हा घाटात टेम्पो हाकत होता."

मास्तरांनी चष्मा काढला. मशीनवर हात ठेवला आणि ते मशीन चालू नसतानाही पाय हलवत राहिले.

"मग आठ दिवस सुकरीबाई बोलल्या का नाहीत?" नेत्रानं विचारलं.

"तुम्ही बोलाल म्हणून थांबल्यात."

नेत्रानं मोबाइल काढला. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी बँडच्या पानावर तिनंच श्रद्धांजली लिहिली होती. 'एका क्षणाच्या डुलकीनं आमचा लाडका ड्रमर हिरावला. गाडी चालवताना झोप आली तर थांबा, मित्रांनो.' तीन हजार लोकांनी लाल बदाम दिले होते, एकाचा फिनलंडहून होता. तिनं ते सगळं पुन्हा एकदा वाचलं आणि काढून टाकलं.

"काय केलंस?" ऋषिकेशनं विचारलं.

"काही नाही. शुद्धलेखन चुकलं होतं."

"तो आत जाईल," वनमालाबाई रुचिराकडे वळून म्हणाल्या. "कळतंय का तुला? तुझा भाऊ तुरुंगात जाईल."

"जाईल."

"जाईल म्हणते! तूच धाडलंस ना त्या रघ्याला आमच्याकडे? तू बसली असतीस ड्रमवर तर..."

"तर मी मेले असते, आई. तेच म्हणायचंय ना?"

वनमालाबाईंना तेच म्हणायचं नव्हतं. पण दुसरं काय म्हणायचं होतं तेही त्यांना सापडलं नाही. त्या उठून मोरीकडे गेल्या आणि कोरड्या बादलीपुढं उभ्या राहिल्या.

सुकरीच्या जाण्यायेण्याची त्यांना आता भीती वाटायची. अपघाताच्या दिवशी सकाळी पोलिसांचा पहिला फोन आला तो 'चैतन्य गेला' असा. पहाटे रघ्याला थंडी वाजत होती म्हणून चैतन्यनं आपला कोट काढून त्याला दिला होता. चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं, म्हणून पोलिसांनी कॉलर उलटून बघितली. मास्तरांनी स्वतःच्या हातानं भरलेलं नाव होतं, धागा पक्का. खरा चैतन्य नुसत्या बनियनवर, बेशुद्ध, दुसऱ्याच दवाखान्यात 'अनोळखी' म्हणून पडला होता.

दहाच्या सुमाराला सुकरी आली. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून तिनं फडक्यात तांदूळ आणि उडीद बांधून आणले होते. आपल्या मुलाची काय खबर, हे तिनं विचारलं नाही. तो दवाखान्यात धावपळ करत असेल असं सगळ्यांसारखं तिनंही धरलं होतं. ती वनमालाबाईंशेजारी बसली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि चार तास केसांतून हात फिरवत राहिली. "रड बाई, रड. पोटात नको ठेवू. माझे पोराबरोबर जेवायचा तो, मना पण पोरच होता." ती खरंच रडत होती. तिचं पाणी वनमालाबाईंच्या कानात जात होतं.

दोन वाजता दुसरा फोन आला. चैतन्य शुद्धीवर आला होता. "देवा, पावलास रे!" असं किंचाळत वनमालाबाईंनी सुकरीला मिठी मारली. आणि सुकरीनंही मारली. तीही हसली, पदरानं दोघींचे डोळे पुसले, म्हणाली, "पाह्य, सांगत होतू ना, बाई!" मग फडक्याची गाठ सोडता सोडता ती थांबली. तिनं विचारलं, "मंग कोट कोणी घातला होता?"

त्या प्रश्नाच्या वेळी आपल्या तोंडावर काय होतं, हे वनमालाबाई आठ दिवस आठवत होत्या. हसू होतं. ते लगेच गेलं नव्हतं.

त्या मोरीतून परत आल्या तेव्हा अस्तराचा पडदा बाजूला सरकला होता. चैतन्य उभा होता. त्याच्या कपाळावर टाके होते आणि केसांच्या कोंबड्याची एक बाजू दवाखान्यात भादरली होती, त्यामुळे तो एका अंगानं गायक आणि दुसऱ्या अंगानं गुन्हेगार दिसत होता.

"अण्णा, कोट शिवा," तो म्हणाला. "बसतो मी."

"शाब्बास," ऋषिकेश म्हणाला. "मी काय काय बोलायचं ते लिहून..."

"काय बोलेन ते माहीत नाही मला."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही, दादा. तिथं रघ्या बोलणार ना?"

वनमालाबाई पुढं झाल्या. त्याचा उजवा हात धरून त्यांनी आपल्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ आहे. गाडी तू चालवत होतास हे बोललास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

रुचिरा स्टुलावरून उठली. चैतन्यनं हात काढून घेतला नाही आणि ठेवूनही दिला नाही. आईनंच तो धरून ठेवला होता.

बुधवारचा अख्खा दिवस मास्तर कापायच्या टेबलाशी होते. मापाची वही उघडी होती. रघ्या: छाती चौतीस, खांदा सोळा, बाही साडेबावीस. चैतन्यची बाही पंचवीस. मास्तरांनी खडूनं साडेबावीसवर रेघ मारली.

वनमालाबाई चहा घेऊन आल्या आणि कप हातातच धरून उभ्या राहिल्या. "खांद्यात जरा ढिला ठेवा. त्याचं हाड जुळलेलं नाही."

"माप रघ्याचं आहे."

"घालणार माझा मुलगा आहे."

"म्हणून तर." त्यांनी कात्री चालवली. "पन्नास वर्षं झाली. एकाच्या मापात दुसऱ्याला कोंबलं नाही कधी. गिऱ्हाईक म्हणायचं, द्या हो, चालतंय. मी उसवून परत शिवायचो. आणि घरात काय केलं? मेलेल्या पोराच्या अंगावर आपल्या पोराची करणी चढवली, तीही बसते का न बघता."

"तुम्ही पण त्यांच्या बाजूला गेलात."

"कुणाच्या?"

वनमालाबाईंनी कप टेबलावर ठेवला. कापडावर सांडेल म्हणून मास्तरांनी तो उचलून परत त्यांच्या हातात दिला.

"शपथ परत घे," ते म्हणाले.

"नाही घेणार. चार तास मेला होता तो माझ्यासाठी. परत नाही देणार मी त्याला कुणाला."

"सुकरीचा नऊ दिवस झाले मेलाय."

"मला माहीत आहे!" त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की रस्त्यावरून एक गिऱ्हाईक आत येता येता परत फिरलं. मग हळू आवाजात त्या म्हणाल्या, "तिच्या मांडीवर डोकं होतं माझं. मला नका सांगू."

गुरुवारी शेजारच्या पांड्याची व्हॅन मागून आणली. ती एरवी शाळेच्या मुलांची ने-आण करायची. मागच्या काचेवर पिवळ्या अक्षरांत 'सावकाश! मुले आहेत' असं लिहिलं होतं. ऋषिकेश चालवत होता. मोखाडा मागं टाकून खोडाळ्याच्या रस्त्यानं आठ किलोमीटर गेल्यावर पाडा आला. एवढ्या वाटेत एकच वाक्य झालं. नेत्रा म्हणाली, "अहो, झोप येत असेल तर सांगा." त्यानंतर कुणीही काही म्हणणं शक्य नव्हतं.

अंगणात तीस-चाळीस माणसं बसली होती. कुणी रागानं बघितलं नाही. ऋषिकेशला ते बरं वाटलं, आणि मग तेच बरं वाटेना. कडेला भाताच्या पेंढ्याची उडवी रचलेली होती. तिला टेकून रघ्याचा जुना ढोल ठेवला होता, त्याच्यावर एक कोंबडी बसली होती आणि तिला कुणी हाकलत नव्हतं. बुध्या आजा नावाचा म्हातारा काय कसं करायचं ते सांगत होता. त्यानं चैतन्यला सारवलेल्या जमिनीवर दाराकडे तोंड करून बसवलं. मास्तरांनी त्याच्या अंगात कोट चढवला. गळ्यातला हात आतच राहिला, उजवी बाही मनगटाच्या वर चार बोटं संपली, पाठीत शिवण ताणली. चैतन्य कोटात मावत नव्हता, पण कोणी हसलं नाही. असं बसताना सगळेच अपुरे पडतात, असं काहीतरी बुध्या आजा पुटपुटला.

पानात भात, उडीद, नागलीची भाकर आणि सुकट होतं. सुकरी समोर बसली. तिनं त्याच्याकडे असं बघितलं की ऋषिकेशनं उगीचच मागं वळून बघितलं, दुसरं कुणी आलंय का.

वनमालाबाई बायकांमध्ये बसल्या होत्या, चैतन्यला नीट दिसतील अशा. त्यांनी आपला हात आपल्याच डोक्यावर ठेवला होता. शेजारच्या बाईला वाटलं ऊन लागतंय. तिनं त्यांना सावलीत सरकवायचा प्रयत्न केला, पण त्या हलल्या नाहीत.

सुकरीनं घास भरवला. "कसा गेलास रे?"

चैतन्यनं घास गिळला. "झोपेत, आये. थंडी वाजत होती. कोट घातला आणि झोपलो. मला काही कळलं नाही."

ऋषिकेशचा जीव भांड्यात पडला. हे त्यानं लिहून दिलेलं नव्हतं, पण त्याहून चांगलं होतं. खरंही होतं आणि कुणाचं नावही नव्हतं. पोरगा हुशार, असं त्याच्या मनात आलं. इथून नुसतं 'नाही' आणि 'काही नाही' म्हणायचं, की संपलं.

सुकरीनं दुसरा घास केला, पण तो हातातच ठेवला. "गाडी कोण हाकत होता?"

हा त्या तीन प्रश्नांतला नव्हता. ऋषिकेशनं बुध्या आजाकडे बघितलं, नियम मोडला जातोय हे कुणीतरी सांगावं म्हणून. म्हातारा भाकर चावत होता.

चैतन्यनं आईकडे बघितलं. तिनं डोक्यावरचा हात दाबून धरला. मग तो सुकरीकडे वळला.

"चैतन्य," तो म्हणाला.

पाड्यावरचं एकही माणूस दचकलं नाही. कुणी तोंडाला पदर लावला नाही, कुणी उठलं नाही. मागं कुणीतरी मुलाच्या नाकाचा शेंबूड पुसला. ऋषिकेशला तेव्हा कळलं की इथं आज नवी बातमी अशी कुणालाच कळलेली नाही. दचकले ते पाच जण व्हॅनमधून आलेलेच होते. वनमालाबाईंचा हात डोक्यावर तसाच राहिला. तो खाली घ्यायचा असतो हे त्या विसरल्या होत्या.

सुकरीनं घास भरवला. "राग आहे त्याचेव?"

नाही म्हण, ऋषिकेश मनात म्हणाला. एक शब्द आहे. पण मग त्याच्या ध्यानात आलं की आज या जगात रघ्याच्या वतीनं चैतन्यला माफ करायचा हक्क एकाच माणसाकडे आहे आणि तो माणूस चैतन्य आहे. असला घोळ त्यांच्या घरातल्या पाचही भांडणांत कधी झाला नव्हता. त्यानं नेत्राचा हात शोधला. नेत्रा रुचिराशेजारी जाऊन बसली होती.

चैतन्य बराच वेळ चावत राहिला. तोंडात काही उरलं नव्हतं तरी चावत राहिला.

"मला माहीत नाही, आये."

"तू रघ्या आहेस. तुला माहीत नाय त कोणाला?"

त्याचे ओठ हलले. "आहे," तो म्हणाला. "गाडीचा नाही. डोळा कुणाचाही लागतो. मेल्यावर पोलिसांच्या कागदावर माझं नाव घातलं, त्याचा आहे."

सुकरीनं मान हलवली, जणू दुकानात कापडाचा भाव बरोबर निघाला. तिनं उडदाच्या आमटीत भात कालवला, मोठा घास केला आणि त्याच्या तोंडापुढं धरला. "मंग जेव. पोटभर जेव. उपाशी नको जाऊ परत."

त्यानं पान संपेपर्यंत खाल्लं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यानं एकही घास नाकारला नाही. सुकरीनं पाण्याचा तांब्या त्याच्या ओठाला लावला आणि शेवटचं विचारलं, "काय राहिलं तुझं?"

"घरी यायचं," चैतन्य म्हणाला.

इतका वेळ न रडलेली सुकरी तेव्हा रडली. रुचिरा उठून तिच्यापाशी गेली. वनमालाबाई उठल्या, दोन पावलं चालल्या आणि थांबल्या. या वेळी मांडी त्यांनी द्यायची होती, पण ती कशी देतात ते सुकरीला जसं ठाऊक होतं तसं त्यांना नव्हतं.

"ऊठ रे," बुध्या आजा म्हणाला. "जा आता. मागं नको बघू."

चैतन्य उठला. त्या आखूड कोटात, एक बाही रिकामी, तो अंगण ओलांडून रस्त्याला लागला. रुचिरा सुकरीपाशीच थांबली. बाकीचे चौघं व्हॅनकडे धावले. "चैत्या, गाडीत बस!" ऋषिकेश ओरडला. तो वळला नाही. त्यांनी गाडी काढली आणि त्याला गाठलं, पण शेजारी घ्यायचं धाडस ऋषिकेशला झालं नाही. पहिल्या गिअरमध्ये तो मागून मागून जात राहिला. मागं दोन जीपगाड्या अडकल्या. त्यांनी काचेवरची पिवळी अक्षरं वाचली आणि हॉर्न न वाजवता सावकाश ओलांडून गेल्या.

जव्हारचा रस्ताही मोखाड्यावरूनच जातो. त्यामुळे आठ किलोमीटर चौघांनाही असं धरून चालता आलं की तो घरी चाललाय.

"हात दुखत असेल त्याचा," वनमालाबाई एकदा म्हणाल्या.

"खांद्यात घट्ट आहे," मास्तर म्हणाले.

मोखाड्यात शिरल्यावर बाजार लागला. लोक त्या कोटाकडे बघत होते. एकानं ओळखलं आणि नाचाचा इशारा केला. एसटी स्टँडशी जव्हारचा फाटा आला. चैतन्य तिथं वळला नाही. तो सरळ गेला आणि पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांशी थांबला.

ऋषिकेशनं ब्रेक दाबला. पाड्याची हद्द केव्हाच मागं पडली होती, पण कुठपर्यंत बघायचं नाही हे बुध्या आजानं सांगितलं नव्हतं आणि चैतन्यनं विचारलं नव्हतं. तो तसाच पाठमोरा उभा होता. कोटाची पाठीतली शिवण उसवली होती. वनमालाबाईंनी काच खाली केली. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि कुठल्या नावानं मारायची ते त्यांना सुचेना. तेवढ्यात तो पायऱ्या चढून आत गेला.